समजा, साध्य खोटे आहे

"दिसतंय ना सर, दोनी बाजू सारख्या हायेत. मंग सिद्ध कशाला कराचं?"

चंदामावशींनी पेन्सिल खाली ठेवली. सीवूड्समधल्या आमच्या शाळेत त्या शिपाई. वय शेहेचाळीस, राहायला शेजारच्या करावे गावात. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसल्या होत्या आणि शाळा सुटल्यावर मी त्यांना भूमिती शिकवत होतो. मासळीच्या जाळ्याचा डोळा बोटाने मापणाऱ्या कोळ्याच्या घरातल्या त्या. आकृती अशी रेखीव काढायच्या की पुस्तकाने लाजावं, आणि मग तिच्याकडे बघून कारणाच्या जागी खुशाल लिहायच्या : दिसते आहे.

"मावशी, दिसणं म्हणजे कारण नव्हे," मी म्हणालो. हे वाक्य मी एकवीस वर्षं म्हणतो आहे. त्याचा मला थोडा गर्वही आहे.

मावशींचे यजमान रोहिदास आठ वर्षांपूर्वी होडी घेऊन खाडीत गेले. होडी सापडली, ते सापडले नाहीत. मावशींच्या गळ्यात मंगळसूत्र तसंच होतं. दर नारळी पुनवेला त्या रोहिदासांच्या होडीला हार घालून खाडीला नारळ द्यायच्या. गावात कुणी त्यांना काही बोलत नसे.

बोलायचा तो फक्त धाकटा दीर, दीपेश. घराच्या भिंतींना तडे गेले होते. नवं बांधायचं तर मालकाची सही हवी, आणि घर रोहिदासांच्या नावावर. कोर्टात द्यायचा अर्ज तयार करून त्याने मावशींच्या पिशवीत कोंबला होता. एकदा शाळेच्या फाटकावरच म्हणाला, "वयनी, सात वर्सां झाली का कोर्ट पन मानते मानूस गेला म्हनून. सही कर."

"कोर्टानं बघितला का त्याला?" मावशी म्हणाल्या आणि घंटा द्यायला आत गेल्या.

त्या बुधवारी मी अप्रत्यक्ष सिद्धता घेतली. म्हटलं, "जे सरळ दाखवता येत नाही, त्याच्यासाठी ही. आधी समजायचं, साध्य खोटं आहे. मग त्यातून काय काय निघतं ते बघायचं. ते दिलेल्या गोष्टीवरच आपटलं, तर आपण समजलो ते चूक. म्हणजे साध्य खरं."

"म्हंजी न बघता?"

"न बघता."

मावशींनी वही मिटून पिशवीत ठेवली. मला वाटलं, डोक्यावरून गेलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वही पुढे केली. समांतर रेषांचं उदाहरण चोख होतं. "मागचं पान पन तपासा," त्या म्हणाल्या. मी पान उलटलं.

साध्य : रोहिदास या जगात नाही.
समजा, साध्य खोटे आहे. म्हणजे रोहिदास जिवंत आहे.
जिवंत असेल तर आईच्या मयताला येईल. कारण : आईवर जीव.
आई गेल्या वर्षी गेली. तो आला नाही.
ही विसंगती आहे.
म्हणून

पुढे कोरं होतं.

'आईवर जीव' हे कारण भूमितीत चालत नाही. मी ते खोडायला पेन टेकवलं आणि उचललं.

"सर, शेवटची ओळ नाय लिवली तर किती मार्क कापतात?"

"एक."

"मंग कापा." त्यांनी पिशवीतून दीपेशचा अर्ज काढला. घड्या पडून तो मऊ झाला होता. "सही करते मी. भिंत पडली तर मितालीच्या अंगावर पडंल, पोरगी माजी त्याच खोलीत झोपते. पन ती ओळ माज्या हातानं नाय लिवनार. तुमचं निळं पेन द्या."

बाकावर कागद सपाट करून त्यांनी सावकाश पूर्ण नाव लिहिलं, मधलं रोहिदाससुद्धा. मग पेन परत केलं.

मी लाल पेनने तीनपैकी दोन दिले. मावशींनी मार्क बघितले, "बरोबर हाय," म्हणाल्या आणि वर्गाच्या खिडक्या लावायला उठल्या.