कोंड्याची उकळी

"वहिनी, कान सोडा त्याचा! काटा हलून राहिला," भूपेंद्र ओरडला. बपेऱ्याचा हा डुकरांचा व्यापारी रिकामी गाडी घेऊनच आंबागडला आला होता.

रितानं डुकराचा कान सोडला. काटा स्थिरावला. बेचाळीस किलो. या वयात साठ तरी हवे होते. पुढचं त्याहून हलकं निघालं.

सासरे मारोतराव बाजेवर बसून ऐकत होते. त्यांची अट घरात सगळ्यांना ठाऊक होती. या खेपेला डुकरं भरली नाहीत तर सगळी गाडीत चढवायची आणि गोठा मोडायचा. धान पिकवणाऱ्या घरानं डुकरं पाळावीत, हे भावकीला आधीच खुपत होतं.

"काय मंग, बाई?" ते म्हणाले. "तुह्या पावडरीनं तं वजन घटून राहिलं वाटते."

रिता बी.एस्सी. झालेली. तिचा हिशेब साधा होता. राइस मिलचा कोंडा इथं हवा तेवढा मिळतो, पण त्यातला बराच भाग डुकराला पचत नाही. एन्झाइमची पावडर तो फोडून देते. मग चुकलं कुठं? डुकरांचं खाणं तिच्या सासूबाई, म्हणजे सीताबाई, शिजवत. पावडर टाकायचं कामही त्यांनीच हौसेनं मागून घेतलं होतं.

"आई, पावडर रोज टाकता ना?"

"हो तं! एक दिवस चुकली नाही," सीताबाई म्हणाल्या. "गंजात कोंड्याले चांगली उकळी आली का टाकतो, अन् वरून झाकण ठेवतो. कच्चं कोन्या जनावराले घालू नये, बाई."

रिताचा हात काट्याच्या दांडीवरच राहिला.

भूपेंद्रनं गाडीचं फळकं पाडलं. "चढवू का, मारोतराव?"

"थांबा!" रिता घाईनं म्हणाली. "मामाजी, पावडर खराब नाही. उकळीनं तिचा गुण जाते. उकळत्या दुधात विरजण घातलं तर दही लागते का? थंड कोंड्यात कालवावी लागते. एक महिना द्या मले."

उदाहरण तिला पटकन सुचलं आणि मारोतरावांना ते तितक्याच पटकन समजलं. ते सीताबाईंकडं बघून मोठ्यानं हसले.

"चाळीस वर्सं विरजण लावून राहिली वं तू! अन् एवढं समजलं नाही तुले?" मग व्यापाऱ्याकडं वळून, "जाऊ द्या भाऊ, गाडी रिकामीच न्या आज. आमच्या घरी कोंड्याचं दही लागत होतं."

भूपेंद्रही हसला. सीताबाईंनी डोक्यावरचा पदर थोडा पुढं ओढला.

"आई, मीच सांगाले पायजे होतं," रिता म्हणाली.

"नाही बाई. बराबर आहे त्याइचं," म्हणत त्या घरात गेल्या.

दुसऱ्या सकाळी रितानं पावडर आधी मूठभर कोंड्यात आणि मग सगळ्यात सारखी कालवली. आता चुकण्यासारखं काही नव्हतं. गव्हाण भरून तिनं फाटक उघडलं. डुकरं धावत आली, गार खाणं हुंगून थांबली आणि रोजचं गरम खाणं जिथून यायचं, त्या स्वयंपाकघराच्या दाराकडं तोंड करून ओरडू लागली.

"आई, जरा येता का?"

आत सीताबाई तांदूळ पाखडत होत्या. सुपाचा आवाज क्षणभर थांबला. मग पुन्हा सुरू झाला.