मिस्त्रींचा अर्धा तास

मित्रांनो, घाईत असाल तर माझी गोष्ट आज ऐकू नका, कारण मला आता सावकाशच बोलता येते. मी एक जुने डिझेल इंजिन आहे. सहा सिलिंडरचे, बसच्या मापाचे. बसच्या मापाचे म्हणालो, बसमधले नव्हे. मला आयुष्यात ना चाक मिळाले, ना रस्ता दिसला. कारखान्यातून निघालो तो थेट एका संशोधन संस्थेच्या तळमजल्यावर आलो. तिथे मला लोखंडी चौथऱ्यावर जाड बोल्टांनी आवळून बसवले आणि माझ्या फिरत्या दांड्याला एक भार देणारे यंत्र जोडले. मी जोर लावायचा आणि त्याने मला अडवायचे, असा आमचा संसार. चढ आला की ते जास्त अडवी, सपाटी आली की कमी. चढही त्याच्यातच आणि सपाटीही त्याच्यातच. पृथ्वीला बारा-तेरा फेऱ्या होतील एवढा मी धावलो आणि जागचा बोटभरही हललो नाही. घाण्याच्या बैलाला निदान गोल तरी फिरायला मिळते.

माझे काम होते धूर सोडणे. हसू नका, त्यासाठीच मला तिथे ठेवले होते. त्या खोलीत एक संशोधक बाई काम करत. शहरातल्या बस कमी धूर सोडतील असे इंधन त्यांना हवे होते. हॉटेलांतून तळून तळून काळे झालेले तेल त्या गोळा करून आणवत, वरच्या मजल्यावर त्याचे इंधन बनवत आणि खाली आणून मला पाजत. मग माझ्या धुरातला थोडासा भाग एका पांढऱ्या गोल कागदातून ओढून घेतला जाई. कागद जितका काळा, तितका धूर वाईट. बाई तो कागद चिमट्यात धरून खिडकीच्या उजेडात न्याहाळत बसत. त्यांना जेवणाचे भान राहत नसे. पहिल्यांदा कागद जवळजवळ कोरा निघाला तेव्हा त्यांनी अख्खा मजला खाली बोलावला होता. मलाही तेव्हा आपण कोणीतरी आहोत असे वाटले.

माझी देखभाल मिस्त्रींकडे होती. मिस्त्री म्हणजे संस्थेचे यंत्रदुरुस्तीवाले, हाताला काळे तेल कायम लागलेले. त्यांनी मला तळहातावरच्या फोडासारखे जपले. बाई नऊला येत, मिस्त्री साडेआठला. रात्रभर उभ्या असलेल्या इंजिनाचे तेल तळाला बसलेले असते. अशा गार इंजिनाला एकदम कामाला जुंपले तर आतले लोखंड लोखंडावर घासते आणि आयुष्य झरझर कमी होते. म्हणून मिस्त्री रोज साडेआठला माझ्यावर हात ठेवून म्हणत, "ऊठ रे बाबा, बाई यायच्या आत अंग गरम करून घे." मग मला हळूहळू चालवत. तेवढ्या वेळात जो काही धूर निघे तो पंखा लावून, खिडक्या उघडून घालवून टाकत. बाई येईपर्यंत खोली स्वच्छ असे आणि मी छान तापलेला असे. मग यंत्रे जोडायची, कागद लावायचा आणि मोजमाप सुरू. खोटे कशाला बोलू, मला तो अर्धा तास फार आवडायचा.

अशी आठ वर्षे गेली. माझे कौतुक झाले. एका मोठ्या साहेबांनी माझ्या धुराच्या नळीसमोर स्वतःचा रुमाल धरला आणि तो पांढराच राहिला म्हणून टाळ्या पडल्या. शहराने वीस बस या इंधनावर चालवून पाहायच्या ठरवल्या. वर्षाने बाईंनी शेवटचा अहवाल द्यायचा आणि तो चांगला असला की सगळ्या शहराच्या बस या इंधनावर जायच्या. बाईंच्या नऊ वर्षांच्या मेहनतीचे जे काही व्हायचे ते त्या एका अहवालावर होते.

त्या वीस बस ज्या आगारात उभ्या राहत, तिथे मिस्त्रींची धाकटी बहीण बस धुण्याच्या कामाला होती. तिने आणि तिच्या सोबतिणींनी तक्रार केली की या बस आल्यापासून डोळे चुरचुरतात, खोकला थांबत नाही. बाईंनी तक्रार मनावर घेतली. त्यांनी बसच्या टाक्या तपासल्या, गाळण्या बदलल्या, तेल देणाऱ्यांना झापले, चालकांना प्रश्न विचारून विचारून भंडावले. पण बस तपासायला त्या जात दुपारी, फेऱ्या मारून आलेल्या बस तेव्हा तापलेल्या असत. कागद पुन्हा कोराच निघे. आगारातले साहेब म्हणाले, बायकांना कुरकुर करायला काहीतरी लागतेच. काखेत कळसा आणि गावाला वळसा चालला होता, आणि कळसा कुठे आहे ते मला ठाऊक होते. पण मला तोंड एकच, धुराची नळी. ती खरे बोलायची ते साडेआठला, आणि तेव्हा ऐकायला मिस्त्रींशिवाय कोणी नसायचे.

अहवालाला आठवडा उरला असताना एका दुपारी ती बहीण मिस्त्रींचा घरी विसरलेला चष्मा द्यायला आमच्या खोलीत आली. तिचे डोळे लाल होते. माझ्याकडे पाहत ती म्हणाली, "दादा, हेच का तुझं लाडकं?"

"हेच."

"याला तर धूरच नाही."

"मग मी काय सांगतोय तुला इतके दिवस!"

"आमच्या बसनासुद्धा नसतो, एकदा गरम झाल्या की. सकाळी येऊन बघ ना. वीसच्या वीस गाड्या एकदम चालू करतात, समोरचा माणूस दिसत नाही. हे सकाळी गार असताना कसं करतं?"

मिस्त्री चष्मा पुसत राहिले.

"दादा, विचारतेय मी."

"गार असताना याला कुणी बघितलंच नाही," मिस्त्री म्हणाले. "मी सोडून."

त्यानंतर तीन दिवस गेले. मिस्त्री साडेआठला येऊन मला तापवत होते, पण नेहमीचे ते दोन शब्दही त्यांच्या तोंडून निघत नव्हते. त्यांची अडचण मला कळत होती. सांगावे तर बाईंची नऊ वर्षे मातीला मिळणार, आणि तीही त्यांच्याच हाताने. न सांगावे तर झाकली मूठ सव्वा लाखाची, फक्त बहिणीच्या डोळ्यांकडे पाहायचे नाही. चौथ्या दिवशी बाई आल्या तेव्हा मिस्त्रींनी यंत्रे जोडू दिली नाहीत. आधी सगळे सांगून टाकले.

बाई जवळच्या स्टुलावर बसल्या. "कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"रोज?"

"सुट्टी सोडून रोज. बाई, जपायचं म्हणून केलं हो. फडकं मारतो ना, तसं. यात सांगण्यासारखं काही आहे असं कधी वाटलंच नाही."

आता आभाळ कोसळणार, असे मला वाटले. पण बाई ओरडल्या नाहीत. "मी तरी कुठे विचारलं?" त्या म्हणाल्या. "इंजिन रोज हाताला गरम लागायचं. मला वाटायचं, खोलीच गरम आहे." मग त्या खिडकीकडे तोंड करून रडल्या. मिस्त्री पाना हातात धरून तसेच उभे राहिले. त्या दोघांकडे पाहून माझा जीव तुटत होता.

दुसऱ्या दिवशी मला कोणी हात लावला नाही. मी गार असतानाच यंत्रे जोडली, कागद लावला. बाई म्हणाल्या, "कळ तुम्हीच दाबा, मिस्त्री. दुसरं कोणी नको." मिस्त्री माझ्याजवळ आले. "आज गारच ऊठ रे," एवढेच म्हणाले आणि त्यांनी कळ दाबली. नऊ वर्षांत जे बाईंनी पाहिले नव्हते ते सगळे मी त्यांच्यापुढे ओतले. खोली धुराने भरली, बाईंना ठसका लागला आणि कागद पिवळट, राखाडी, ओलसर निघाला. त्यांनी तो तसाच वहीत चिकटवला.

एका सकाळीवरून काही सिद्ध होत नाही, म्हणून पुढचे पाच महिने हेच चालले. बाईंनी अहवालाची मुदत वाढवून घेतली. सकाळी गार उठवायचे, मग पूर्ण थंड होऊ द्यायचे आणि संध्याकाळी पुन्हा गार उठवायचे. गार इंजिनाला कामाला जुंपले की काय होते ते मी मघाशी सांगितलेच. नऊ वर्षांत जेवढा झिजलो नव्हतो तेवढा या पाच महिन्यांत झिजलो. शेवटी तेल जाळू लागलो, माझा स्वतःचाच धूर इंधनाच्या धुरात मिसळू लागला आणि माझे आकडे कुचकामी ठरले.

अहवाल नव्याने लिहिला गेला. इंधन चांगले आहे, पण इंजिन तापल्यावर. पहिली दहा मिनिटे ते जुन्या डिझेलपेक्षाही वाईट आहे. वीस बस जुन्या डिझेलवर परत गेल्या, आणि रुमालवाले साहेब पुन्हा काही फिरकले नाहीत. बहिणीचे डोळे बरे झाले. जुने डिझेलही काही धुतल्या तांदळासारखे नाही, त्याची काजळी आता तिच्या बादलीत उतरते. बाई त्या दहा मिनिटांच्या मागे लागल्या आहेत. इंजिन चालू करण्याआधी विजेवर उबवता येईल का, इंधनात काही बदल करता येईल का, असे त्यांचे पुन्हा पहिल्यापासून चालले आहे. त्यांच्या केसांत आता बरेच पांढरे दिसते.

माझे बोल्ट काढले. मी खोलीबाहेरच्या बोळात भिंतीला टेकून उभा आहे, मला वितळवायला नेणाऱ्या भट्टीवाल्यांची गाडी या आठवड्यात येणार आहे. मित्रांनो, अशा वेळी माझ्यासारख्याने 'आम्हाला जपा' असे सांगायची रीत आहे. मी कोणत्या तोंडाने सांगू? मला फार जपले, आणि मी जपला जात होतो म्हणून तिकडे बादली घेऊन उभ्या असलेल्या बायकांचे म्हणणे वर्षभर खोटे ठरत राहिले. जपा, जरूर जपा. पण ज्याला जपता त्याचा धूर खिडकीतून घालवून टाकू नका. तो कोणाच्या तरी डोळ्यांत जातोच.

चौथऱ्यावर आता नवे इंजिन आले आहे. मिस्त्री अजून साडेआठलाच येतात, इतक्या वर्षांची सवय कुठे जाणार? माझ्या शेजारी स्टूल ओढून बसतात, खोलीची किल्ली खिशात असते. आत ते नवे इंजिन रात्रभराच्या गारव्यात उभे असते, आणि मिस्त्री घड्याळाकडे पाहत राहतात. त्याच्यावर त्यांची माया नाही असे मात्र समजू नका. माया आहे म्हणूनच बाई येईपर्यंत ते दार उघडत नाहीत.