ठेवायचा नाही ना?

सासऱ्यांना सरळ प्रश्न विचारता येतच नसे. "चहा नको ना?" "उशीर नाही ना झाला?" सगळं उलट्या बाजूनं. लग्न होऊन आलेली सून पहिल्याच सकाळी बिचारी "नको" म्हणाली आणि दुपारपर्यंत चहावाचून डोकं धरून बसली. घरात त्यावर अजून हसत. म्हणजे, त्या दिवसापर्यंत हसत.

जन्मभर बसस्थानकावर घोषणा केलेला माणूस. आवाज असा खणखणीत, पण कुणी एक शब्द टिपून ठेवला असेल तर शपथ! मग घशात गाठ निघाली. ऑपरेशननंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. सुनेला दिवस गेले होते. बाबांनी हट्टच धरला, येणाऱ्या नातवंडासाठी गोष्टी सांगून ठेवणार म्हणजे ठेवणार. बसलेल्या घशानं, खोकत खोकत त्यांनी त्या सांगितल्या आणि सुनेनं कॉम्प्युटरवर रेकॉर्ड केल्या.

नणंद कॉम्प्युटरवाली. हुशार, पण घोड्यावर बसून आलेली. तिच्याकडे तीन स्क्रिप्ट होत्या, म्हणजे कॉम्प्युटरला ओळीनं द्यायचे हुकूम. पहिली खरखर काढायची, दुसरी तुकडे जोडायची, तिसरी मूळ रेकॉर्डिंग नको असेल तर सगळीकडून पुसायची. "तीनतीनदा कोण चालवत बसणार? एकत्रच करते," ती म्हणाली. "मधे प्रश्न येईल. हो असेल तर ह दाब, नाही असेल तर न. शेंबडं पोरही करेल."

वर लाडात येऊन तिनं ते प्रश्न बाबांच्याच आवाजात भरून घेतले. पहिले दोन शब्दाशब्दाला पढवले. तिसऱ्याला तिचा फोन वाजला. "मूळ आवाज ठेवायचा का, असं विचारा," एवढं सांगून बाई बाहेर गेली. नंतर ऐकून बघायला वेळ होता कुणाला?

बाबा घरी आले ते गळ्याला पट्टी आणि हातात पाटी घेऊन. त्यांना बरं वाटावं म्हणून सुनेनं खाटेशेजारी कॉम्प्युटर मांडला आणि स्क्रिप्ट सुरू केली.

"खरखर काढू का?" खोलीत बाबांचा आवाज घुमला. बाबा चमकले आणि लहान मुलासारखे हसले. तिनं ह दाबला.

"तुकडे जोडू का?" ह.

"मूळ आवाज ठेवायचा नाही ना?"

"अगं बाई, नाही नाही! पुसायचा कसा?" सून ओरडली आणि तिनं न दाबला, चांगला जोर लावून.

पडद्यावर उमटलं, "मूळ आवाज पुसला."

तरी जोडलेल्या गोष्टी आहेत ना, म्हणून तिनं ती फाइल लावली. चिडीचूप. पुढे सरकवली. तिथंही काही नाही. त्या यंत्राला बाबांचा घोगरा आवाजच खरखर वाटला होता आणि त्यानं तो झाडून काढला होता. स्क्रिप्ट वेगवेगळ्या होत्या तेव्हा नणंद मधे थांबून ऐकून बघायची. आता थांबायची जागाच उरली नव्हती.

नणंद धावत आली. पडदा पाहून पांढरीफटक पडली. "न म्हणजे ठेवायचा नाही, असं लिहिलंय मी! प्रश्न 'ठेवायचा का' असा होता!"

"त्यांनी तसं विचारलंच नाही, ताई."

"दुसरी प्रत?"

"तीही पुसली. सगळीकडून पुसते म्हणून तुम्हीच सांगितलं होतं."

नणंद मटकन खाली बसली. काही शोधावं, कुणाला तरी विचारावं, हेही तिला सुचेना. सुनेच्या पोटात बाळानं लाथ मारली तशी ती हुंदके द्यायला लागली. बाबांचा चेहरा बघवत नव्हता. त्यांनी पाटी ओढली आणि लिहिलं, "काहीच नाही ना उरलं?"

सुनेनं डोळे पुसले आणि स्क्रिप्ट पुन्हा सुरू केली. पहिला प्रश्न आला, दुसरा आला. तिनं उत्तरं दिली. मग तो आला.

"मूळ आवाज ठेवायचा नाही ना?"

जगात बाबांचा आवाज आता एवढाच होता. तीन प्रश्न, आणि त्यातला हा एकच खरा त्यांचा.

सुनेनं कुठलीच कळ दाबली नाही. तिनं बाबांचा हात पोटावर घेतला.

"ठेवायचा हो, बाबा," ती म्हणाली. "ठेवायचा हो."