काचवाल्याचे चार सेकंद

मी एक कॅसेट बोलतेय. माझ्या पाठीवर अजून व्हिडिओ लायब्ररीचं पिवळं लेबल आहे: 'परत देताना रीळ मागे गुंडाळून द्या.' ही सूचना उभ्या आयुष्यात कोणी मनावर घेतली नाही.

माझ्या पोटात एका फ्रेंच दिग्दर्शकाचा सिनेमा आहे. माणूस मोठा नावाजलेला. त्याला सगळं खरं लागे, म्हणून रस्त्यावरचे आवाजसुद्धा तो होते तसेच ठेवायचा. पण सिनेमा इतका संथ की मला घरी नेणारे अर्ध्यातच घोरायला लागत आणि दुसऱ्या दिवशी 'चांगला आहे, पण जरा वेगळा आहे' असं पुटपुटत मला काउंटरवर ठेवून जात. मारामारीच्या कॅसेटी हातोहात खपत आणि मी फडताळात धूळ खात बसे.

एके दिवशी एक बाई आली. कडेवर दोन वर्षांची पोर. सिनेमाचं नाव काही तिला सांगता येईना. "त्या फ्रेंच माणसाचा, आमच्या रस्त्यावर शूटिंग झालेला," एवढंच ती म्हणाली, आणि दुकानदारानं बरोबर मला काढून दिलं.

सिनेमात सत्तेचाळिसाव्या मिनिटाला तो रस्ता येतो. एक काचवाला खिडकीची मोठी काच काखेत धरून रस्ता ओलांडतो. अर्ध्यावर आला की मान वळवून थेट समोर बघतो, आणि पलीकडे निघून जातो. सगळे मिळून चार सेकंद. तो त्या बाईचा नवरा. शूटिंगनंतर सात महिन्यांनी तो तापानं गेला होता. त्याला पडद्यावर चालताना बघून बाईला असा हुंदका फुटला की पुढचं तिला ना दिसलं, ना ऐकू आलं.

ती मला पुन्हा पुन्हा न्यायला लागली. शेवटी दुकान बंद करताना दुकानदार म्हणाला, "ताई, हिला तुमच्याशिवाय कोणी विचारत नाही. तुमच्याकडेच राहू द्या." अशी मी त्या घरची झाले.

घरात लग्नातला एक फोटो होता, तोही डोळे मिटलेला. हलता-चालता बाप लेकीला दिसे तो फक्त माझ्यात. दर रविवारी आई मला मशीनमध्ये घाली, थोडं मागे-पुढे पळवत त्या जागी आणी आणि तो समोर बघतो तिथे थांबवी. दर वेळी गोष्ट तीच. "तू माझ्या कडेवर होतीस. आपण कॅमेऱ्याच्या मागे गर्दीत उभ्या होतो. शूटिंगवाल्यांनी त्याला तीनदा बजावलं होतं, इकडे बघायचं नाही म्हणून. पण तू भोकाड पसरलंस. मग कसला थांबतोय तो? त्यानं तुझ्याकडे बघितलं." लेक जन्मापासूनच रडकी, म्हणून बाप तिला भोंगा म्हणायचा. ते नाव घरात शिल्लक राहिलं होतं.

मला मात्र दर रविवारी धडकी भरायची. कॅसेट थांबवली की माणसांना वाटतं, ती विश्रांती घेते. प्रत्यक्षात मशीनचं चित्र वाचणारं डोकं तिथेच गरगर फिरत माझी पट्टी खरवडत असतं. बघून झालं की आई मला तिथेच थांबलेली बाहेर काढी, पुढच्या वेळी शोधायला लागू नये म्हणून. त्यामुळे चुरगळायची तीही तीच जागा. ज्या जागेवर त्या दोघींचा जीव होता, तीच त्या आपल्या हातानं पुसत होत्या. काचवाल्याच्या चेहऱ्यावर पांढऱ्या रेघा आल्या. आई म्हणायची, टीव्ही जुना झाला.

मला आणखी एक गोष्ट माहीत होती. पळवताना माझा आवाज बंद असतो आणि थांबवल्यावरही बंदच असतो. त्या चार सेकंदांत काय ऐकू येतं, ते त्या घरात कोणी कधी ऐकलंच नव्हतं.

वर्षं गेली. लेक तिशी ओलांडून नोकरीत स्थिरावली आणि एका संध्याकाळी मोठं खोकं घेऊन आली. त्या दिग्दर्शकाचे सगळे सिनेमे, नव्यानं स्वच्छ केलेले, चकचकीत डिस्कवर. आई पदरानं चष्मा पुसून सावरून बसली. सत्तेचाळिसावं मिनिट आलं. रस्ता आला, सायकली गेल्या, आणि एकदम पुढचा प्रसंग सुरू झाला. काचवाला नव्हताच. लेकीनं तीनदा मागे जाऊन बघितलं.

त्याच खोक्यातल्या एका जादा डिस्कवर म्हातारा दिग्दर्शक बोलत होता आणि खाली ओळी उमटत होत्या. नव्या आवृत्तीसाठी आपण स्वतः कात्री चालवली, असं तो हसत सांगत होता. एका रस्त्यावरच्या माणसानं कुतूहलानं कॅमेऱ्यात बघितलं होतं. तीस वर्षं ते आपल्याला खुपत होतं, म्हणून काढून टाकलं.

लेकीनं टीव्ही बंद केला.

"कॅमेरा दिसला की सगळेच बघतात आई. बाबांनीही बघितलं."

"काच हातात असली की तो हाक मारली तरी मान वळवत नसे."

"हे तू मला आयुष्यभर सांगत आलीस. मी मानत आले."

आई उठली आणि तिनं मला कपाटातून काढलं. मशीनमध्ये टाकताच माझी पट्टी चाकात अडकली. मशीन मला खात होतं आणि मी किंचाळूही शकत नव्हते. लेकीनं धावत येऊन वायर खेचली, झाकण उघडून एकेक वेटोळं बोटांनी सोडवलं. त्याच जागी माझा काठ पार चुरमडला होता. आणि माझा आवाज असतो तो काठावरच.

दोन दिवसांनी मी जुन्या कॅसेटींची कॉपी करून देणाऱ्या बाईंच्या टेबलावर होते. त्यांनी पाठीचे पाच स्क्रू काढले, भिंग लावलं आणि पट्टी नव्या पेटीत घातली. मग स्पष्ट सांगितलं, "एकदाच चालेल. मध्ये थांबवायचं नाही, डोळे पुसायलासुद्धा नाही. चित्र बहुतेक मिळेल. आवाजाचं खरं नाही, नुसती खरखर येईल. बंदच ठेवू का?"

त्यांचं बोट बटणावर गेलं. माझा जीव टांगणीला लागला. लेक म्हणाली, ठेवा बंद, कशाला उगीच. बोट खाली जाणार तेवढ्यात आई म्हणाली, "राहू द्या. तो नाही तर निदान त्याचा रस्ता ऐकू येईल."

मी चालायला लागले. आधी सायकलींच्या घंट्या आल्या. मग चुरगळलेली जागा आली आणि पडद्यावर बर्फ पडल्यासारखं झालं. खरखर इतकी की बाईंनी कानावरचे हेडफोन सैल केले. माझा काठ करकरत होता. काठ फाटला तर सगळंच संपणार होतं. मी होतं नव्हतं तेवढं बळ लावून सरळ राहिले.

काचवाला रस्त्यात उतरला. नजर काचेवर. एक पाऊल, दुसरं, तिसरं. आणि खरखरीच्या पलीकडून, लांबून, एका तान्ह्या पोरीनं भोकाड पसरलं.

मग त्यानं मान वळवली.

बाईंचा हात बटणाकडे गेला नाही. आईनं लेकीच्या पाठीवर हात ठेवला. लेकीनं तोंडावर पदर ओढावा तशी ओढणी ओढली. ओढणीआडून ती म्हणाली, "भोंगा."

पुढे दोन मिनिटांनी मी तुटले. ते चार सेकंद तेव्हा कॉपीत सुखरूप पोचले होते.

आता मी लेकीच्या टेबलाच्या खणात आहे, दोन तुकड्यांत. मला पुन्हा जोडू नका आणि टाकूही नका, एवढंच मागणं आहे. रविवारी खणाच्या फटीतून मला ऐकू येतं. लेक त्या रस्त्याच्या एक मिनिट आधीपासून लावते, आवाज मोठा ठेवते. सायकली जातात. पोर रडते. तो वळून बघतो आणि पलीकडे निघून जातो. आता ती त्याला थांबवत नाही.