लाँड्रीत दीड तास

खोली

धाकट्या दिराची लाँड्री. रविवार, दुकान बंद. मागच्या खोलीत तीन ड्रायर, वाफेची इस्त्री आणि एक खिडकी, तीही गठ्ठ्यांनी झाकलेली. ड्रायर रिकामेच फिरवले की अर्ध्या तासात पारा अडतीसवर. मधोमध स्टँडवर आवळलेली सायकल. चाक फिरतं, सायकल जागची हलत नाही. बेटावरची हवा इथे तयार करायची होती. ती झाली. समुद्र तेवढा राहिला.

अट

मागच्या वर्षी बेटाच्या एकशे अठ्ठावीस किलोमीटरच्या फेरीत ती अठ्ठ्याऐंशीव्या किलोमीटरला सायकलवरून पडली. अंगातलं पाणी संपलं होतं, असं डॉक्टर म्हणाले. यंदा नवराही सायकल घेऊन बरोबर निघणार होता, पण त्याची अट होती. दीड तास सायकल मारायची, हवं तितकं पाणी प्यायचं. वजन एक किलोहून जास्त घटलं तर तिकिटं रद्द.

भांडण झालं. चार दिवस अबोला झाला. मग ती कबूल झाली. तिचं वय सत्तेचाळीस, त्यातली एकोणीस वर्षं शहरात बस चालवण्यात गेलेली.

आधी: ६१.४

कपड्यांसकट. काट्यावर दोन्ही वेळा तेच कपडे, मग फरक कसला पडणार, असं नवऱ्याचं म्हणणं. तो नकाशे काढतो आणि आपलं मोजमाप चुकत नाही, असं मानतो.

चालू

वीस मिनिटांनी कोपरांवरून थेंब. चाळीस मिनिटांनी फरशीवर ओल. नवरा दारात खुर्ची टाकून, हातात घड्याळ, आणि तोंडाने गाडीत बसून वाट दाखवणाऱ्यांसारखी बडबड. दिराने त्याला दोनदा चहा आणायला पिटाळलं. बाटल्या काळ्या रंगाच्या. किती पाणी उरलंय ते बाहेरून दिसत नाही.

नंतर: ६०.६

आठशे ग्रॅम. नवऱ्याने आकडा मोठा लिहिला आणि खाली रेघ मारली. मग टायर कुठले न्यायचे यावर बोलत तो पुढच्या खोलीत गेला.

तिने कपडे बदलून ओला गठ्ठा दिराच्या हातात दिला. त्याने तो खाली ठेवला, पुन्हा उचलला. अकरा वर्षं किलोवर कपडे घेणारा माणूस.

"वहिनी, यात सहाशे ग्रॅम पाणी आहे."

ती स्टँडवरून सायकल सोडवू लागली.

"आणि घाम धरून ठेवायला आत घातलेला हा सुती बनियन दादाचा आहे."

"भाऊजी, धुवायला टाका."

"टाकतो. पण दादाला तुम्ही सांगा. मी सांगितलं तर चहाडखोर ठरेन. नाही सांगितलं, आणि तिकडे तुम्ही पुन्हा..." पुढचं त्याने गठ्ठ्याची गाठ सोडण्यात घालवलं.

दुरुस्ती: ६०.०

हे तिच्या अक्षरात. एक किलो चारशे.

नवऱ्याने वाचलं. एवढा घाम येतो, म्हणजे वय झालं, असं काहीसं तो पुटपुटला.

"घाम सगळ्यांनाच येतो," ती म्हणाली. "मी पाणी पीत नाही. मागच्या वर्षीही प्यायले नाही. त्या रस्त्यावर बाईमाणसाने थांबायचं कुठे? बसवर तेच, आठ तास. सवय झालीय."

(या रकान्याला नाव नाही)

नवऱ्याने नकाशा उघडला आणि फोन लावायला सुरुवात केली. अठराव्या किलोमीटरचा पेट्रोल पंप: आहे, स्वच्छ नाही. एकतिसाव्याची शाळा: किल्ली शिपायाकडे. पन्नासाव्याचा दवाखाना: आहे. प्रत्येक फोनवर तो आधी खाकरायचा, मग प्रश्न विचारायचा. ती बाजूला बसून ऐकत होती. लग्नाला तेवीस वर्षं झाली होती आणि 'संडास' हा शब्द त्याच्या तोंडून तिने आजवर ऐकला नव्हता.

चौसष्ट ते शंभर: काही नाही. डोंगर आणि दोन्हीकडून गाड्या.

"मी रस्त्याकडे तोंड करून चादर धरेन," नवरा म्हणाला.

"एका बाजूने. दुसरीकडून?" ती म्हणाली.

"मग दोघं लागतील," दीर म्हणाला. त्याला सायकल येत नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं.

याच्यासाठी तिकडे गाडी भाड्याने मिळते का ते बघू, असं म्हणत नवऱ्याने शंभराव्या किलोमीटरचा नंबर फिरवला आणि खाकरला.