मेनची रिकामी जागा

ट्वायलाने हेअर ड्रायरचं तोंड नकाशावरच्या फ्लोरिडाच्या शेपटीला लावलं आणि दुसऱ्या हाताने वाचनालयाचं जुनं कार्ड स्टिकरखाली सरकवलं. उन्हाने स्टिकर कडक झालं होतं. ऊब लागली तशी त्याची कड वर आली. ड्रायरची वायर तिने स्वयंपाकघराच्या खिडकीतून अंगणात आणली होती. घरगाडीच्या दाराशी बादली उलटी घालून ती बसली होती, आणि तीन पावलांवर घडीच्या खुर्चीत आर्लो बसला होता, हातात काही काम नसलेल्या माणसासारखा.

"हळू. फाटेल," तो म्हणाला.

"फाडायलाच बसलेय."

एक्कावन्न वर्षांच्या संसारात आर्लो एक गोष्ट नीट शिकला होता, कधी गप्प बसायचं ते.

दारावर परातीएवढा अमेरिकेचा नकाशा चिकटवलेला होता. मूळचा तो नुसता पांढरा, राज्यांच्या रेघा आखलेला. प्रत्येक राज्याचं रंगीत स्टिकर वेगळं मिळायचं, आणि जिथे जाऊन आलो तिथलं आपण लावायचं. रस्त्यावरच्या निम्म्या घरगाड्यांच्या दारावर असा नकाशा असतो, आणि ज्याचा त्याचा नियम वेगळा. कुणी नुसतं गाडी हाकत पार झालं तरी लावतात. वायोमिंगच्या एका तळावर एक बाई भेटली होती, तिने विमान बदलताना दोन तास बसली म्हणून टेक्सस लावलं होतं. ट्वायला त्या मुक्कामात तिच्याशी पुन्हा बोलली नाही. तिचा नियम सरळ होता: याच गाडीत, दोघांनी, त्या राज्यात एक अख्खी रात्र झोपून काढली तरच स्टिकर. जेवलं तर नाही, फिरलं तर नाही, पेट्रोल भरलं तर मुळीच नाही. नियम तिनेच केला होता. त्या घरात नियम करायची दुसऱ्या कुणाची पद्धत नव्हती.

अठरा वर्षांत एकमेकांना लागून असलेल्या अठ्ठेचाळीसपैकी सत्तेचाळीस राज्यं भरली होती. पूर्वेच्या टोकाला, अगदी वरच्या कोपऱ्यात, मेन तेवढं राहिलं होतं.

आयडाहोतल्या बीटाच्या शेतांमधल्या त्यांच्या गावातून मेन म्हणजे देशाचं दुसरं टोक. जाऊन-येऊन साडेपाच हजार मैल, आणि ही गाडी गॅलनला सात मैल चालायची, तीही उतार असेल तर. तीन वर्षांपूर्वी निघायचं पक्कं झालं होतं. डब्यात सुका मेवा भरून झाला होता. त्याच आठवड्यात पंपावरचे आकडे असे चढले, की टाकी भरून परत आलेला आर्लो गाडीतून उतरेना, चाक धरून बसून राहिला. पुढच्या उन्हाळ्यात उतरतील, असं तो म्हणाला. पुढच्या उन्हाळ्यातही तेच म्हणाला. सगळेच तसं म्हणत होते. पूर्वी जुलै उजाडला की गावातून सहा-सहा घरगाड्या एकामागे एक निघायच्या, मागच्या गाडीतून पुढच्याला भोंगे वाजवत. आता लोक मे महिन्यात बारा मैलांवरच्या धरणाकाठी गाडी नेऊन ठेवतात आणि सप्टेंबरात परत आणतात. मधल्या दिवसांत लहान मोटारीने जातात, घरगाडीसमोर बसतात, भाजलेली मक्याची कणसं खातात आणि त्याला सहल म्हणतात. ट्वायला आणि आर्लोनेही दोन उन्हाळे तेच केलं. भाव उतरायची वाट बघता बघता आर्लोचे डोळे उतरले. मार्चमध्ये डॉक्टरने सांगितलं, गावात दुकानापर्यंत चालवा, हमरस्त्यावर नको. ट्वायलाने ही गाडी कधी हाकली नव्हती, आणि एकाहत्तराव्या वर्षी शिकणार नव्हती.

तेव्हा गाडी विकायचं तिनेच ठरवलं, आणि ठरवल्यावर गावभर सांगितलं, की बरं झालं, पाठ धरते त्या गादीवर. गावाने मान हलवली. तिच्यासमोर गाव तेवढंच करतं.

घेणारे दुपारी येणार होते. डस्टिन आणि केंड्रा म्हणून एक तरुण जोडपं, दुधाच्या डेअरीत कामाला. गाडी ते कुठे नेणार नव्हते. पेट्रोल परवडत नाही म्हणून लोक आता लांब जात नाहीत, जवळच राहायला जागा शोधतात. तर नदीकाठच्या शेतात गाडी ओंडक्यांवर चढवून उभी करायची आणि रात्रीच्या भाड्याने द्यायची, असा त्यांचा बेत. दारावरचं ते चित्र तेवढं काढून ठेवा, भाडेकरू फोटो बघून येतात, असं डस्टिनने फोनवर सांगितलं होतं. चित्र म्हणाला. ट्वायलाने फोन ठेवला आणि नंतर बराच वेळ सिंक घासत राहिली.

आता तिने ड्रायर बंद केला. कचरा टाकायला पिशवी हवी म्हणून ती गाडीत चढली. डॅशबोर्डच्या खणात पिशव्या असायच्या. खणात टायरची हवा बघायचं मोजमाप होतं, विझलेल्या मेणबत्तीचं थोटूक होतं, आणि तळाशी एक कोरा कागद होता. उलटा केला तर त्यावर निळं स्टिकर. मेन. सगळी वापरून झाली, हे एकटं आपल्या कागदावर चिकटून राहिलेलं.

स्वयंपाकाच्या कपाटाच्या दाराला, आतल्या बाजूला, धान्याच्या दुकानाच्या कॅलेंडरचं एक जुनं पान होतं. ऑगस्ट महिना. खडकावर दीपगृह, खाली फुटणारी लाट, आणि एका कोपऱ्यात, बघायचं ठरवलं तरच दिसेल एवढी, खडकावर बसलेली दोन माणसं. डबे काढताना रोज ते पान समोर यायचं. त्या दोघांनी सोबत खायला काय आणलं असेल, असा विचार तिच्या मनात किती वेळा आला असेल, ते तिलाच माहीत. आर्लोला तिने ते कधी सांगितलं नव्हतं.

ती स्टिकर घेऊन खाली उतरली आणि पिशवीचं तोंड उघडलं.

"काय टाकतेस?" आर्लोने डोळे बारीक करून विचारलं.

"मेन."

"ते टाकू नकोस."

"ठेवून काय करू? ज्या राज्यात राहिलो नाही त्याचं लोणचं घालू?"

आर्लोने टोपी काढली, आत बघितलं, परत डोक्यावर घातली.

"राहिलोय आपण," तो म्हणाला.

ट्वायलाने पिशवी खाली ठेवली नाही. तशीच धरून उभी राहिली. मग आर्लो बोलू लागला, तिच्याकडे न बघता, गाडीच्या चाकाशी बोलावं तसा.

चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. व्हरमाँटहून ते सकाळी निघाले होते. मेनमध्ये दुसऱ्या दिवशी शिरायचं, तिथे आठवडाभर राहायचं आणि आजची रात्र अलीकडे न्यू हॅम्पशरमध्ये काढायची, असा ट्वायलाचा हिशेब होता. संध्याकाळी धुकं पडलं. तिचं डोकं दुखत होतं, म्हणून नकाशा आर्लोच्या हातात देऊन ती मागे जाऊन आडवी झाली. पहिली मोठी मोकळी जागा दिसली की थांब, एवढं सांगून. आर्लोला वळण दिसलंच नाही. वळण गेलं आणि पूल आला. चौतीस फुटांची गाडी पुलावर मागे वळवता येत नाही. पूल संपला तिथे मेनची पाटी होती. पाटी एवढी मोठी होती, की धुक्यातही वाचता आली. पुढे एका बंद दुकानाच्या मोकळ्या जागेत त्याने गाडी लावली आणि पोचलो म्हणाला. कुठे, ते तिने विचारलं नाही, कारण तिच्या हिशेबाने ते न्यू हॅम्पशरच होतं.

आणि पहाटे पाचला फोन वाजला. लेकीला, जोलीनला, सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या होत्या. पंधरा मिनिटांत ते परत फिरले. थांबले ते एकदम न्यूयॉर्क राज्यात. मूल वाचलं. आता चौदा वर्षांचं आहे आणि आजीकडे खाण्यापुरतं येतं. घरी पोचल्यावर ट्वायलाने न्यू हॅम्पशरचं स्टिकर काढलं, अंगठ्याने दाबून दाबून लावलं. आर्लो शेजारी उभा होता.

"तेव्हा का नाही बोललास?"

"पोरीचं चाललं होतं सगळं."

"नंतर. चौदा वर्षं होती तुला. जेवताना सांगायचंस, दात घासताना सांगायचंस."

रस्त्यावरून गवताच्या गठ्ठ्यांचा ट्रक गेला, त्याची धूळ अंगणात आली आणि बसली.

"सांगितलं असतं तर तू मेन लावलं असतंस," तो म्हणाला. "आणि न्यू हॅम्पशर काढलं असतंस. मग राहिलेलं एक राज्य म्हणजे न्यू हॅम्पशर. न्यू हॅम्पशरसाठी देशाच्या त्या टोकाला कोण जातं, ट्वायला? मेनसाठी तू गेली असतीस. मला तुला तिथे न्यायचं होतं. दिवसाउजेडी."

ट्वायलाने पिशवी बादलीवर ठेवली. तिला ती पहाट आठवली. कॉफीचा चोथा फेकायला तिने दार उघडलं होतं. समोर काही दिसत नव्हतं, दिव्याचा एक खांब आणि त्यावर बसलेला समुद्रपक्षी. हवा खारट होती, ओली, जिभेला लागणारी. हा वास कसला, असं तिने विचारलं होतं, आणि आर्लो स्टिअरिंगवरून म्हणाला होता, मासळीची गाडी उभी असेल कुठेतरी. तिने दार लावलं होतं. एवढंच. एक खांब, एक पक्षी, अर्ध्या मिनिटाची हवा. खडक नाही, दीपगृह नाही. अठरा वर्षं जिकडे तोंड करून ती बसली होती, तिथे ती डोकं धरून झोपून आली होती.

तिने हातातल्या निळ्या स्टिकरकडे बघितलं. नियमाप्रमाणे ते आज, आत्ता लावता येत होतं. गाडी हीच. दोघं होते. अख्खी रात्र.

"मासळीची गाडी," ती म्हणाली.

"तेव्हा तेच सुचलं."

"खोटं बोलायचं तर जरा नीट बोलावं माणसाने."

तिने ड्रायर पुन्हा लावला. पण आता ती फ्लोरिडाकडे गेली नाही. फ्लोरिडाची उचललेली कड तिने अंगठ्याने दाबून परत बसवली, आणि वरच्या कोपऱ्यातल्या न्यू हॅम्पशरला ऊब दिली. नखाएवढं राज्य. कार्डाची धार खाली घातली, तसं ते न फाटता अख्खं निघालं. खाली कागद पांढराशुभ्र होता, काल लावल्यासारखा. शेजारची मेनची जागा मात्र अठरा उन्हाळ्यांनी पिवळी पडलेली. दोन रिकाम्या जागा, शेजारी शेजारी.

आर्लो खुर्चीतून पुढे झुकला होता. आता ती निळं स्टिकर सोलेल आणि लावेल, म्हणून तो बघत होता. ट्वायला गाडीत चढली, निळं स्टिकर त्याच्या कागदासकट परत खणात ठेवलं, टायरच्या मोजमापाखाली. न्यू हॅम्पशर शेजारी ठेवलं. खण बंद केला. मग खाली येऊन वायर गुंडाळू लागली.

घेणारे तीनच्या सुमाराला आले. डस्टिन आधी चाकांखाली वाकला. केंड्रा दाराशी आली आणि थांबली.

"तुम्ही हे काढणार होता ना, मिसेस रेनर?"

"दार असंच मिळेल. नको असेल तर गाडी इथेच उभी राहील, तिला खायला लागत नाही."

केंड्राने नवऱ्याकडे बघितलं. डस्टिन काही बोलणार होता, पण ट्वायलाचा चेहरा बघून पुन्हा चाकांकडे वळला. केंड्रा नकाशावरून बोट फिरवत वर गेली, कोपऱ्यात थांबली. नियम काय, ते तिने विचारलं, आणि ट्वायलाने सांगितला, एकेक शब्द मोजून, लहान पोरांना सांगावा तसा.

"हे पांढरं आहे. आत्ताच काढलंत?"

"चूक होती. तिथे झोपलो नव्हतो आम्ही."

"आणि हे?" तिचं बोट पिवळ्या जागेवर आलं. "मेन. इथे पण नाही?"

आर्लोने खुर्चीत मान वर केली. एवढ्या अंतरावरून त्याला ट्वायलाचं तोंड धड दिसत नव्हतं, नुसता आकार. तो त्या आकाराकडे बघत राहिला.

"नाही," ट्वायला म्हणाली. "मेन बाकी आहे."

केंड्रा हसली, थोडी ओशाळून. म्हणाली, आम्ही तर ही ओंडक्यांवर चढवणार. आताच्या भावात कोण जातंय एवढ्या लांब.

"ओंडक्यांवर चढवा. पण चाकं काढू नका. महिन्याला एकदा इंजिन चालू करा, दहा मिनिटं. आणि खणात दोन स्टिकरं आहेत." ट्वायलाने एप्रनला हात पुसले. "दोन्ही राज्यं शेजारी आहेत. एका फेरीत होतात."