साखर लपवणाऱ्याचा पट्टा

मित्रांनो, मी एक जुना कमरेचा पट्टा आहे. जुळे सोलापुरातल्या एका फ्लॅटमध्ये दाराआड खुंटीवर लोंबतो आहे.

मैंदर्गीच्या बाजारात एका कारागिरानं मला कापलं, बक्कल लावलं, भोकं पाडली. मला विकत घेतलं यशवंतनं. तो दुधाचा टँकर चालवायचा. अकलूजला दूध भरायचं, सोलापुरात उतरवायचं आणि वाटेत दिसेल तिथं भजी आणि गोड चहा! पोट सुटत गेलं, माझी भोकं संपली. मग त्याची बायको चांगुणा गॅसवर खिळा लाल करून मला नवं भोक पाडायची. चटका बसायचा खरा, पण यशवंत चारचौघांत माझी पाठ थोपटायचा, पट्टा लई दणकट हाय म्हणायचा. मी हुरळून जायचो.

पुढे त्याला साखर, म्हणजे मधुमेह, निघाली. मालकाला कळलं तर गाडीवरून उतरवतील, या धास्तीनं त्यानं ती घराबाहेर कुणाला कळू दिली नाही. गोळ्या सीटखाली दडवल्या. लघवीला सारखं थांबावं लागायचं, धारही नीट यायची नाही. हे सगळं साखरेमुळंच, असं तो धरून चालला.

अशात समाजमंदिरात शिबिर लागलं. पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीत कर्करोगाची शंका आहे का, ते पाहायला रक्त घेत होते. यशवंतच्या मागे नेमका मालकाचा मुनीम उभा! डॉक्टरीणबाईंनी साखर आहे का, गोळ्या चालू आहेत का, विचारलं. यशवंतनं नाही म्हणून मान हलवली. वजनकाट्यावरही चढला नाही. मी शेवटच्या भोकावर ताणलेला, सगळं ऐकत होतो. मला वाचा असती तर!

रक्ताच्या तपासणीचा आकडा हद्दीत आला, म्हणजे शंका नाही. चांगुणानं शेजारी पेढे वाटले.

नंतर यशवंत बारीक होऊ लागला. माझी जुनी भोकं एकेक करून परत कामाला आली. लोक त्याची तारीफ करायचे, आणि मीही मूर्ख, फुशारलो. मग त्याची कंबर धरली ती सुटेचना. मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "अंग जाड असलं की रक्तात पाणी जास्त असतं, त्यात शिबिरातल्या तपासणीचा आकडा पातळ होतो. साखरेतही तो कमी दिसू शकतो. शिबिरात सांगितलं असतं, तर त्यांनी पुढं तपासलं असतं. आता प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत गेलाय. दुखणं कमी करता येईल, बरं नाही करता येणार."

काल यशवंत पँट सावरत उभा राहिला. माझं पहिलं भोकही त्याला सैल पडत होतं. "चांगुणा, आतल्या बाजूला एक भोक पाड की," तो म्हणाला. "गाडीवर जायचंय मला."

तिनं गॅस पेटवला, खिळा धरला. खिळा लाल झाला. तिनं गॅस बंद केला, त्याला नाडीचा लेंगा घातला आणि मला इथं अडकवलं. मला आता कुणी काढणार नाही, हे मला कळतं.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांना सांगा, रक्त द्यायला बसलात की वजन, साखर, गोळ्या काही लपवू नका. यशवंतसाठी मात्र या सांगण्याला उशीर झाला. तो खाटेवरून माझ्याकडं बघतो आहे. गाडीची चावी अजून त्याच्या उशाखाली आहे.